वाचकांचे प्रश्न : घारे डोळे, मेंडेलचे वाटाणे आणि बॉम्बे ब्लड ग्रुप

मागच्या अंकात शेवटी सहज लिहून गेले की आनुवंशिकतेबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि पत्रांचा ढीगच आला. त्यातली निम्मी पत्रं 'आमचं बाळ कुणावर गेलंय' याच एका वळणाची आहेत, पण मजा म्हणजे खरं विज्ञानही तिथूनच सुरू झालं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून पाच पत्रं निवडलीत आणि नावं मुद्दाम काढून टाकलीत, कारण काही प्रश्न घरातले आहेत.

मॅडम, माझे डोळे काळे, ह्यांचे काळे, मुलाचे आणि सुनेचेही काळे. पण नात झाली ती चक्क घाऱ्या डोळ्यांची! माझी आजी घारी होती. मग मधल्या तीन पिढ्या हा रंग गेला कुठे? शेजारच्या काकू म्हणतात सुनेने खोलीत गोऱ्या बाळाचं पोस्टर लावलं होतं त्याचा परिणाम. (एक आजी, रत्नागिरी)

आजी, पोस्टरचा परिणाम फक्त भिंतीवर होतो, खिळ्याचं भोक पडतं तेवढाच. आमच्याही घरी लावलं होतं, माझा मुलगा काळासावळा आणि अगदी आमच्या सासऱ्यांसारखा झाला.

रंग कुठेही गेला नव्हता, तो घरातच होता, दिसत नव्हता इतकंच. आपली गडबड अशी होते की आईचं आणि बापाचं 'रक्त' मिसळतं असं आपण मनात धरून चालतो, बासुंदीत केशर मिसळावं तसं. आता बासुंदीत एकदा केशर विरघळलं की ते परत वेगळं काढता येतं का? नाही ना. तसं असतं तर तुमच्या आजीचा घारेपणा दर पिढीला निम्मा निम्मा होत गेला असता आणि नातीपर्यंत पोचेस्तोवर त्याचा मागमूस राहिला नसता. पण तो आला तो अख्खा आला. कारण हे प्रकरण बासुंदीसारखं नाहीच, चिवड्यासारखं आहे. चिवड्यात पोहे, डाळं, शेंगदाणे सगळं एकत्र असतं पण शेंगदाणा शेंगदाणाच राहतो, तो पोह्याखाली गेला तरी विरघळत नाही, आणि कधीतरी नेमका मुठीत येतो.

अजून एक गोष्ट जी काकूंना जरूर सांगा. शेंगदाणा एकट्या तुमच्या आजीकडून येऊन भागलेलं नाही, प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक वडिलांकडून, आणि घारेपणा दिसायला साधारणपणे दोन्हीकडून तसा तुकडा यावा लागतो. म्हणजे सुनेच्या माहेरीही मागे कुणीतरी घारं असणार, विचारून बघा.

डोळ्यांचं पूर्ण गणित मात्र एवढं सोपं नाही हेही सांगते. पंधराव्या क्रोमोझोमवर (पेशीतली जीन्सची माळ म्हणा) एक जीन, म्हणजे वर म्हटलेला गुणाचा तुकडा, रंगद्रव्याचं काम बघतो आणि त्याच्या शेजारच्या जीनमध्ये त्याचा जणू स्विच आहे, हे २००८ साली कळलं. बराचसा फरक त्या स्विचने पडतो, पण बाकीही जीन्स लुडबुड करतात, म्हणून तर आपल्याकडे घाऱ्यातही कुणी हिरवट, कुणी राखाडी, कुणी मधाच्या रंगाचं असतं.

मला मेंडेलचा धडा आहे. आमचे सर म्हणतात मेंडेल नशीबवान होता म्हणून त्याला वाटाणा सापडला. आम्ही प्रॅक्टिकलला पिशवीतून मणी काढतो तेव्हा ३:१ कधीच येत नाही, मग त्याचं एवढं बरोबर कसं आलं? त्याने ॲडजस्ट केलं का? (एक विद्यार्थी, सातारा)

शाब्बास रे! शेवटचा प्रश्न विचारायला धाडस लागतं, आणि हाच प्रश्न १९३६ साली रोनाल्ड फिशर नावाच्या मोठ्या आकडेशास्त्रज्ञाने विचारला होता की हे आकडे जरा जास्तच छान नाहीत का. त्यावर वाद अजून चालू असतो. पण आधी तुझ्या मण्यांचं बघू. तू किती मणी काढतोस, वीस? वीस मण्यांत पंधरा-पाच येईलच असं नाही, तेरा-सात येईल, सतरा-तीन येईल. मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाटाण्यांचा संकर केला, पहिल्या पिढीत सगळे गोल आले, दुसऱ्या पिढीत तीन गोलांमागे एक सुरकुतलेला परत दिसला, तेच हे ३:१. एकट्या या गुणासाठी त्याने ७,३२४ दाणे मोजले. त्यात ५,४७४ गोल निघाले, १,८५० सुरकुतलेले. पिवळे-हिरवे मोजले तर ६,०२२ आणि २,००१. आता तूच भागाकार कर. हाताने, चिमट्याने, कुठलाही कॅल्क्युलेटर नसताना, आणि ते सगळं मठाच्या कामातून आणि शाळेत शिकवण्यातून वेळ काढून. (मी त्याला अरेतुरे करते त्याबद्दल कुणी रागावू नये, तीस वर्षं वर्गात त्याच्याबद्दल बोलून तो घरचाच झालाय.)

मूळचं नाव योहान. १८२२ साली शेतकऱ्याच्या घरी जन्म, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यात. शिकायला पैसे नाहीत म्हणून १८४३ मध्ये ब्र्यून गावच्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या ब्रनोच्या, सेंट थॉमस मठात गेला आणि तिथे ग्रेगोर हे नाव मिळालं. शिक्षकाची परीक्षा दिली १८५० साली, त्यात नापास. मग मठाने त्याला व्हिएन्ना युनिव्हर्सिटीत पाठवलं, तिथे फिजिक्स शिकवायला कोण होते तर डॉप्लर, तोच डॉप्लर ज्याच्या नावाचा इफेक्ट तू पुढे शिकशील. परत येऊन पुन्हा परीक्षेला बसला आणि पुन्हा नाही झाला. म्हणजे ज्याच्या नावाचा धडा तुला पाठ करावा लागतोय तो स्वतः कधीच पक्का मास्तर झाला नाही.

नशिबाचं म्हणशील तर, वाटाणा त्याला सापडला नाही, त्याने तो पारखून घेतला. बियाणेवाल्यांकडून ३४ वाण मागवले, दोन वर्षं नुसते पेरून बघितले की आईबापासारखंच पीक येतंय ना, आणि त्यातले २२ ठेवले. वाटाण्याचं फूल बंद असतं, आतल्या आतच परागीकरण होतं, त्यामुळे बाहेरचा पराग येऊन घोळ घालत नाही, आणि संकर करायचाच झाला तर फूल उमलायच्या आत उघडून पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि फुलाला पिशवी बांधायची. १८५६ ते १८६३ हे असं चाललं, एकूण अठ्ठावीस हजारांच्या आसपास झाडं. आणि त्याने सातच गुण निवडले, सातही असे की इकडे किंवा तिकडे, मधलं काही नाही. माणसाची उंची घेऊन बसला असता तर आयुष्यभर काही हाती लागलं नसतं.

आणि ३:१ ही त्याची खरी कमाल नाहीच असं माझं मत. पुस्तकात तिथेच चौकोन काढून धडा संपवतात म्हणून मुलांना तेच मोठं वाटतं. (डार्विननेही स्नॅपड्रॅगनच्या फुलांत संकराच्या पुढच्या पिढीत ८८ साधी आणि ३७ वेगळ्या घडणीची अशी मोजणी केली होती, म्हणजे आकडा त्याच्याही समोर होता, पण त्याने तो तसाच सोडला.) मेंडेलने पुढच्या वर्षी त्या गोल दाण्यांपासून उगवलेली ५६५ झाडं स्वतःच्याच परागावर सोडून बघितली. १९३ झाडांना फक्त गोल दाणे आले, ३७२ झाडांना गोल आणि सुरकुतलेले दोन्ही. म्हणजे एकास दोन! गोल दिसणाऱ्या तीनमधला एकच आतून-बाहेरून गोल होता, उरलेल्या दोघांच्या पोटात सुरकुतलेला लपलेला होता. तीनास एक म्हणजे खरं एकास दोनास एक. जे दिसतं आणि जे आत असतं ते वेगळं असू शकतं हे पहिल्यांदा कुणी आकड्यांनी दाखवलं असेल तर ते इथे.

एकच प्रत असली तरी जो गुण दिसतो त्याला 'प्रभावी' म्हणतात, इथे गोलपणा. तो शब्द ऐकून मुलांना वाटतं एक जीन दुसऱ्याला दाबून ठेवतो, दादागिरी करतो. तसं काही नाही. सुरकुतलेल्या दाण्याचं रहस्य १९९० मध्ये उलगडलं. दाण्यात स्टार्च नीट बांधणारं एक एन्झाइम (काम करून देणारं प्रथिन) असतं, सुरकुतलेल्या वाणात त्याच्या जीनमध्ये डीएनएचा सुमारे ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलाय, त्यामुळे एन्झाइम बनत नाही, साखर तशीच राहते, साखरेमुळे दाणा पाणी जास्त ओढतो, फुगतो आणि वाळताना आक्रसतो. एक प्रत चांगली असली तर तेवढ्या एन्झाइमवर दाणा गोल होतो. घरात दोन मिक्सर असले आणि एक बंद पडला तरी चटणी होतेच, तसं.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५, दोन बैठकांत त्याने गावच्याच निसर्गअभ्यास मंडळात हे वाचून दाखवलं, १८६६ मध्ये छापून आलं, त्याच्या प्रती त्याने विद्वानांना पाठवल्या. म्युनिकचे प्रोफेसर नेगेली यांनी उत्तर दिलं पण त्यांना फारसं पटलं नाही, त्यांचं लाडकं झाड हॉकवीड, मेंडेलने त्यावरही वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि काहीच जुळेना. जुळणार कसं, हॉकवीड बरेचदा परागाशिवायच बी धरतं, म्हणजे संकरच होत नाही! नशीब म्हणायचंच तर हे म्हण, आणि ते वाईट. १८६८ मध्ये तो मठाधिपती झाला, मग सरकारशी मठाच्या करावरून भांडण, त्यातच उरलेली वर्षं गेली आणि ६ जानेवारी १८८४ ला तो वारला. डार्विनच्या कपाटात मेंडेलचा पेपर न उघडता पडून होता ही गोष्ट तू कुठेतरी वाचशील, तिला पुरावा नाही.

१९०० साली डी व्ह्रीस, कोरेन्स आणि चेरमाक हे तिघं शास्त्रज्ञ वेगवेगळ्या ठिकाणी जवळपास तिथेच पोचले आणि जुनी कागदपत्रं चाळताना त्यांना दिसलं की हे चौतीस वर्षांपूर्वी छापून झालंय. 'जेनेटिक्स' हा शब्द बेटसनने १९०५ मध्ये काढला, 'जीन' हा योहान्सनने १९०९ मध्ये. म्हणजे मेंडेलला यातला एकही शब्द माहीत नव्हता, तो नुसतं 'घटक' म्हणायचा.

टोमॅटोचं हायब्रीड बी फार महाग पडतं म्हणून मागच्या प्लॉटमधल्या चांगल्या फळांचं बी काढून रोपं केली. झाडं एका मेळाची नाहीत, कुठे फळ बारीक, कुठे लांबट. बी खराब झालं का कंपनीने काही करून ठेवलंय? (एक शेतकरी, जुन्नर)

दादा, बी खराब नाही आणि कुणी काही करूनही ठेवलेलं नाही, हे वर मेंडेलने सांगितलं तेच तुमच्या वावरात झालंय. हायब्रीडच्या पाकिटात असते पहिली पिढी. दोन वेगळे शुद्ध वाण घेऊन त्यांचा संकर केला की पहिल्या पिढीची सगळी झाडं एकसारखी येतात, कारण प्रत्येकाला या वाणातली एक आणि त्या वाणातली एक प्रत मिळालेली असते. पण त्याच झाडाचं बी धरलं की दुसऱ्या पिढीत सगळे घटक पुन्हा सुटे होऊन वाटले जातात. हिशोब करून बघा, दोन्ही वाणांत समजा फक्त दहा जागी फरक असेल आणि ते वेगवेगळे वाटले जात असतील, तर दहाच्या दहा जागी हायब्रीडसारखीच जोडी येण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. आणि फरक दहापेक्षा कितीतरी जास्त असतात. चांगलं फळ निवडून बी काढलं म्हणून यात काही बदलत नाही, कारण त्या प्लॉटमधलं वाईट फळही आतून तेच होतं.

सोयाबीनचं मात्र वेगळं. ते वाटाण्यासारखं स्वतःचंच परागीकरण करतं आणि आपल्याकडे मिळतात ते सरळ वाण असतात, हायब्रीड नाही, म्हणून घरचं बियाणं उगवणक्षमता तपासून बिनधास्त वापरा. बी ठेवण्याचा हक्क तर २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलेलाच आहे, पण कायदा हक्क देतो, मेळ देत नाही, त्यामुळे टोमॅटोला दरवर्षी पाकीट घ्यायचं किंवा मग सरळ वाणाकडे वळायचं.

ताई, माझा ब्लड ग्रुप ओ, बायकोचा ए. मुलगी झाली तिचा बी आला. घरात कुणी उघड काही बोलत नाही पण वातावरण बिघडलंय. हे होऊ शकतं का? (एक वाचक, पनवेल)

हे पत्र मी चार वेळा वाचलं. आधी सरळ उत्तर देते : होऊ शकतं. आणि ब्लड ग्रुपच्या कागदावरून बायकोबद्दल काहीही ठरवू नका, घरच्यांनाही ठरवू देऊ नका.

पहिली गोष्ट, तिघांचीही टेस्ट चांगल्या ब्लड बँकेत परत करून घ्या. चुका होतात. माझ्याच दोन रिपोर्टवर दोन वेगळे ग्रुप आहेत, एक कॉलेजच्या कॅम्पमधला आणि एक बाळंतपणातला.

परत तेच आलं तर ब्लड बँकेला सांगा की तुमच्या रक्तात 'एच' आहे का ते बघा. ए आणि बी हे लाल पेशीवरचे खुणेचे पदार्थ, पण ते थेट पेशीला चिकटत नाहीत, त्यांना आधी एक खुंटी लागते, तिचं नाव एच. खुंटीवर ए ची टोपी अडकवली तर ए ग्रुप, बी ची अडकवली तर बी, दोन्ही तर एबी, आणि खुंटी रिकामीच राहिली तर ओ. आता काही लोकांत खुंटीच नसते. टोपी बनवायचा बी चा जीन आत शाबूत आहे पण अडकवायला जागा नाही, मग साध्या टेस्टमध्ये माणूस ओ दिसतो. त्याचं मूल झालं, मुलाला आईकडून खुंटी मिळाली आणि बापाकडून बी, की बी लख्ख दिसतो. खुंटीचा जीन एकोणिसाव्या क्रोमोझोमवर आणि ए-बी-ओ चा नवव्यावर, म्हणून दोन्हीचं वाटप एकमेकांवर अवलंबून नाही.

हा प्रकार जगात पहिल्यांदा कुठे सापडला माहितीये? मुंबईत. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 'लॅन्सेट'मध्ये छापला, म्हणून जगभर त्याचं नाव बॉम्बे ब्लड ग्रुप. शहराचं नाव बदललं तरी त्याचं बदललं नाही. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगतात, युरोपात तो याहून कितीतरी दुर्मिळ.

आणि तपासणी फक्त घरच्या शांततेसाठी नाही. तुम्ही बॉम्बे ग्रुपचे निघालात तर तुम्हाला साधं ओ रक्तही चालणार नाही, कारण ओ च्या पेशीवर खुंटी असते आणि तुमचं शरीर तिलाच परकं समजून हल्ला करतं. तुम्हाला फक्त बॉम्बेचंच रक्त लागेल. तसं असेल तर कार्ड करून पाकिटात ठेवा आणि भावंडांचीही टेस्ट करा, त्यांच्यातही असण्याची शक्यता बरीच असते. बॉम्बे नाही निघालं तरी ए आणि बी चे काही क्षीण उपप्रकार असतात जे साध्या टेस्टमध्ये हुकतात, तेही ब्लड बँकेतच बघून घ्या.

आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न चालतं. मुलाचं ठरतंय. गोत्र वेगळं आहे मग रक्ताचा प्रश्न येत नाही ना? दुसरं म्हणजे मुलीच्या सिकलसेल रिपोर्टवर 'एएस' लिहिलंय. (एक आई, गडचिरोली)

गोत्र बापाच्या बाजूने चालतं, जीन्स दोन्ही बाजूंनी. तेवढ्यात सगळं आलं. मामेबहिणीचं गोत्र वेगळं असणारच, पण तुमच्या मुलाचे आणि तिचे सरासरी आठातला एक हिस्सा जीन्स सारखे आहेत, एकाच आजीआजोबांकडून आलेले. उलट दहा पिढ्यांपूर्वी वेगळं झालेलं सगोत्र घर जीन्सच्या हिशोबाने जवळपास परकं असतं. एरवी मुलात जन्मजात दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन धरतात, आतेमामे भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुलं धडधाकटच होतात, पण घराण्यात एखादा लपलेला घटक असेल तर तो दोन्हीकडून एकत्र यायला हा सगळ्यात जवळचा रस्ता.

आणि तुमच्या बाबतीत तो लपलेला नाहीच, रिपोर्टवर लिहिलाय. सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिनच्या जीनमधला असा दोष की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात; 'ए' ही चांगली प्रत, 'एस' ही सदोष. एएस म्हणजे मुलगी वाहक आहे, आजारी नाही. तिच्याकडे एक प्रत चांगली आहे (वरचा मिक्सर आठवा), तिला सहसा काही त्रास होत नाही, आणि एएस लोकांना मलेरियाचा जबर फटका कमी बसतो म्हणूनच हा घटक जंगलपट्ट्यांत टिकून राहिला. तिच्याबद्दल 'हिला रोग आहे' असं कुणी बोललं तर तिथेच थांबवा.

आता मुलाची टेस्ट करा, लग्नाआधी, आजच. नुसती सोल्युबिलिटी (पहिली साधी चाचणी) नको, ती आजारी की वाहक ते सांगत नाही, पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करा म्हणजे थॅलेसेमियाचंही (हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक आजार) कळेल. मुलगा 'एए' आला आणि थॅलेसेमियाचा वाहकही नसला तर मुलांपैकी कुणालाही सिकलसेल आजार होणार नाही, फार तर काही वाहक होतील. मुलगाही एएस आला तर प्रत्येक बाळंतपणाला आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक वेळी, बरं का. मला एका गावात एक बाई भेटली होती, तिला कुणीतरी 'चारात एक' एवढंच सांगितलेलं आणि तिचा समज झालेला की पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली. दुसरंही आजारी झालं तेव्हा ती मला विचारत होती की आमचा हिशोब कुठे चुकला.

दोघंही एएस आले तरी लग्न मोडायचं की नाही हे मी सांगणार नाही, ते त्या दोघांनी ठरवावं. पण गरोदरपणात तिसऱ्या महिन्याच्या आसपास गर्भाची तपासणी करता येते, ती कुठे होते ते जिल्हा रुग्णालयाच्या सिकलसेल विभागात लग्नाच्या आधीच जाऊन विचारा, आणि जाताना दोघांनाही बरोबर न्या, एकट्या मुलीला नको.